१०८ येईपर्यंत

गोव्यात छातीत दुखू लागले की पहिले निदान घरातच होते. "गॅस जालो आसतलो." निदान करणारा भाऊ असतो, शेजारी असतो, नाहीतर पसऱ्यावर नारळ घ्यायला आलेला कुणीही असतो. उपचारही पाठोपाठ हजर: लिंबूसोडा, ओवा, इनो, छातीला बाम, आणि घरात जुने जाणते कुणी असेल तर चमचाभर फेणी. ढेकर आला तर निदान पक्के झाले. नाही आला तर आणखी एक सोडा. डॉक्टरकडे जायचे ठरेपर्यंत तास-दीड तास उलटलेला असतो. मग माणसाला स्कूटरवर मध्ये बसवून, मागून एकाने कवेत धरून, जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात. तिथे टोकन मिळते.

यात कुणी बेफिकीर नसतो. सगळे जिवाच्या आकांताने धावतच असतात. धावण्याची दिशा तेवढी चुकते. आणि पुढे जे व्हायचे ते झाले, की वाड्यावर एकच वाक्य ऐकू येते, "आयुश्य तितलेंच आशिल्लें." मला भांडायचे आहे ते या वाक्याशी. हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू आपण नशिबाच्या खात्यावर जमा करतो, त्यामुळे त्यांच्याबाबत सरकारकडे काही मागत नाही, पंचायतीला जाब विचारत नाही, शाळेकडून अपेक्षा ठेवत नाही. रस्त्यात खड्डा पडला तर ग्रामसभा डोक्यावर घेणारे आपण इथे मात्र गप्प बसतो. वास्तविक यातले सगळे नसले तरी बरेच मृत्यू टाळण्याजोगे असतात, आणि गोव्याएवढ्या लहान, सुशिक्षित, पैसा बाळगून असलेल्या राज्याने तर ते टाळून दाखवायलाच हवेत.

आधी एक गुंता सोडवू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद होते आणि तो स्नायू मरू लागतो, तो हार्ट अटॅक. त्यात माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो, घामाने निथळतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाची विद्युतलयच विस्कटते. खालचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागतात. शिगम्याच्या रोमटामेळात प्रत्येक ढोलवाल्याने आपापला ताल धरला तर आवाज प्रचंड होईल, पण मेळ एक पाऊल पुढे सरकणार नाही. तसेच रक्ताचे होते. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. अटॅकचे पर्यवसान अरेस्टमध्ये होऊ शकते, आणि हृदयाच्या धमन्यांचा आजार हेच प्रौढांतल्या अरेस्टचे सर्वांत मोठे मूळ आहे. पण धमन्या स्वच्छ असलेल्या तरुणाचेही हृदय असे बंद पडू शकते. त्याकडे पुढे येतो.

"कसली कल्पनाच नव्हती हो," असे घरचे सांगतात. ते खोटे बोलत नाहीत, पण ते पूर्ण खरेही नसते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात डॉ. सुमीत चुघ यांच्या गटाने ३५ ते ६५ वयाच्या, हृदय अचानक बंद पडलेल्या ८३९ जणांची माहिती गोळा केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे ५१ टक्के लोकांना आधीच्या चार आठवड्यांत काही ना काही लक्षण जाणवले होते: छातीत दुखणे, दम लागणे, धडधड, चक्कर किंवा बेशुद्धी. त्यातल्या बहुतेकांना, ९३ टक्क्यांना, शेवटच्या चोवीस तासांत ते लक्षण पुन्हा जाणवले. त्यावरून तातडीच्या सेवेला फोन किती जणांनी केला? शंभरात एकोणीस. ज्यांनी केला त्यांच्यापैकी ३२ टक्के वाचले. ज्यांनी केला नाही त्यांच्यापैकी ६ टक्के. हा अमेरिकेतला आकडा आहे, जिथे लिंबूसोड्याची परंपरा नाही.

या आकड्यांचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही धरून चालायला हवेत. निम्म्या लोकांना शरीर सांगून पाहते. उरलेल्या निम्म्यांना सांगत नाही. पहिल्या निम्म्यांसाठी लक्षण ओळखणारे घर हवे. दुसऱ्या निम्म्यांसाठी कोसळण्याच्या क्षणी आजूबाजूला हात चालवणारी माणसे हवीत. "जागरूक राहा, नियमित तपासणी करा" असे फलक लावून आपण पहिल्या गटाची अर्धवट सोय करतो आणि दुसऱ्याला वाऱ्यावर सोडतो.

लक्षणांचे म्हणाल तर सिनेमाने आपले फार नुकसान केले आहे. छातीवर हात दाबून, तोंड वेडेवाकडे करून पडणारा पुरुष म्हणजे हृदयविकार, असे चित्र डोक्यात बसले आहे. चवथीच्या आदल्या दिवशीचे एखादे घर बघा. माटोळी बांधायची आहे, नेवऱ्या तळायच्या आहेत, मुंबईचे पाहुणे दुपारच्या गाडीने उतरणार आहेत. पन्नाशी ओलांडलेली घरची बाई पहाटेपासून उभी आहे. अंगणातून ओसरीवर चढताना तिला दम लागतो. जबडा आणि डावा खांदा जड होतो, मळमळते. ती दाराकडच्या खुर्चीवर टेकते, पदराने घाम पुसते, "कालचे जागरण" म्हणते आणि पुन्हा कढईपाशी जाते. मधुमेहाची गोळी सकाळी घ्यायची राहिलेलीच असते. या घरात तिच्याकडे कुणी संशयाने पाहणार नाही, कारण छाती धरून ती खाली बसलेली नाही. ओरेगनच्या त्याच संशोधकांना पुढच्या अभ्यासात आढळले, की अरेस्टच्या आधीचे बोलके लक्षण पुरुषांत छातीतली वेदना असते, तर स्त्रियांत दम लागणे. आपल्या घरांत बायकांना दम लागणे हे लक्षण मानलेच जात नाही. ते वय मानले जाते, वजन मानले जाते, फार तर थकवा.

मधुमेहाचा उल्लेख सहज केला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, तेव्हा मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले: २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांचे प्रमाणही गोव्यात ४५.६ टक्के, केरळच्या पाठोपाठ पुढच्या रांगेत. दरडोई उत्पन्नात आपण वर आहोत याची बातमी होते, तशी याचीही झाली, दोन दिवस. जुना मधुमेह नसांची संवेदना बोथट करतो, त्यामुळे अटॅक आला तरी छातीतली कळ येतेच असे नाही. नुसता घाम, नुसती अस्वस्थता, नुसता दम. म्हणजे ज्या राज्यात चारातल्या एका प्रौढाला मधुमेह आहे, त्या राज्यात "दुखले तर बघू" हे धोरणच चुकीचे ठरते.

आणखी एक गोष्ट घराघरांतल्या फायलीत पडून असते आणि कुणी वाचत नाही. एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या इको तपासणीच्या अहवालात ईएफ म्हणून एक टक्केवारी असते. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतले किती रक्त बाहेर ढकलतो, त्याचे ते माप. औषधे नीट चालू असूनही ही टक्केवारी ३५ किंवा त्याखाली राहिली असेल, तर अचानक लय बिघडण्याचा धोका बराच वाढलेला असतो, आणि लय बिघडताच विजेचा शॉक देऊन ती ताळ्यावर आणणाऱ्या, छातीत बसवायच्या आयसीडी यंत्राबद्दल हृदयरोगतज्ज्ञाशी बोलायलाच हवे. स्टेंट बसला, आता बाबा ठणठणीत, म्हणून जेवणावळ घालणाऱ्या किती घरांनी तो आकडा पाहिलेला असतो?

तरुणांच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित खूण म्हणजे श्रम करताना आलेली बेशुद्धी. मैदानावर धावताना, पोहताना, जिना चढताना एखादा पोरगा धाडकन पडला आणि मिनिटभराने उठून बसला, की "उन्हान पडलो", "सकाळचो खावंक नाशिल्लो" असे म्हणून त्याला पाणी पाजतात आणि हाफटाइमनंतर पुन्हा उतरवतात. बराच वेळ उभे राहून किंवा रक्त बघून येणारी भोवळ वेगळी; ती बहुधा निरुपद्रवी असते. ऐन श्रमात आलेली बेशुद्धी निरुपद्रवी समजायची नाही, तपासणी होईपर्यंत खेळ बंद. हृदयाचा स्नायू आनुवंशिकतेने जाड होत जाणे किंवा विद्युतलयीत आनुवंशिक दोष असणे, हे विकार अशीच एखादी सूचना देतात आणि पुढच्या वेळी सूचना देत नाहीत.

तरुण मृत्यूंची गोष्ट निघाली की हल्ली चर्चा लगेच कोविडच्या लशीवर घसरते. व्हॉट्सॲपवरच्या काकांनी तर निकाल केव्हाच लावला आहे. आयसीएमआरने १८ ते ४५ वयोगटातल्या, वरवर निरोगी माणसांच्या अचानक मृत्यूंचा देशातल्या ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीने धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही. दोन मात्रा घेतलेल्यांत धोका कमीच निघाला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: पूर्वी कोविडमुळे रुग्णालयात राहावे लागणे, कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूच्या आधीच्या अठ्ठेचाळीस तासांत एका बैठकीत बेसुमार दारू, नशेचे पदार्थ, आणि त्याच काळात अतिश्रमाचा व्यायाम. यातल्या दारूच्या आणि नशेच्या मुद्द्यावर गोव्यात कुणी जोरात बोलत नाही, कारण आपला अर्धा हंगाम त्यावर चालतो. लशीवर बोलणे फुकट असते.

कुटुंबाच्या इतिहासाबद्दल मात्र थांबून बोलायला हवे. चाळिशीतला भाऊ झोपेत गेला. घरात दुःखाचा डोंगर. कुणीतरी पोस्टमॉर्टेमचा विषय काढतो आणि दहा जण त्याला गप्प करतात: "आता कित्याक फाडपाचें?" भावना मला कळते. पण मागे त्याची बहीण आहे, दोन मुलगे आहेत, आणि कारण आनुवंशिक असेल तर सख्ख्या नातलगांत ते उतरलेले असण्याची शक्यता पुष्कळ असते, काही विकारांत तर निम्मी. तेराव्याच्या आत कुणी डॉक्टरकडे जावे असे मी म्हणत नाही. पण वर्षश्राद्धापर्यंतही कुणी गेलेले नसते. एक ईसीजी आणि एक इको, सख्ख्या भावंडांची आणि मुलांची, एवढी तपासणी सरकारी रुग्णालयाने अशा घराला स्वतःहून बोलावून करून द्यायला हवी. मृत्यूचा दाखला देणाऱ्या यंत्रणेला तो माणूस अडतीस वर्षांचा होता हे दिसत असते. तिथूनच एक चिठ्ठी निघायला काय हरकत आहे?

त्याउलट, रस्तोरस्ती जाहिराती लागतात त्या "फुल बॉडी चेकअप"बद्दल मला फारशी आस्था नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल जरूर मोजावे आणि मोजल्यावर गोळ्या घ्याव्यात, विडी-सिगारेट सोडावी. पण सर्व काही ठीक असा छापील शेरा हातात आला म्हणजे हमी मिळाली, असे समजून पुढच्या महिन्यातला दम दुर्लक्षून चालत नाही.

आता सरकारच्या बाजूचे. जे झाले आहे ते मान्य केले पाहिजे, आणि ते थोडेथोडके नाही. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणारे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळीत उभे आहे. २००८ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे. २०१८ साली सुरू झालेल्या स्टेमी गोवा प्रकल्पाने (स्टेमी म्हणजे धमनी पूर्ण बंद होऊन येणारा हार्ट अटॅक) तर मोठाच पल्ला गाठला: गावाकडच्या आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी तिथूनच तज्ज्ञांपर्यंत जातो, निदान होते, गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथेच दिले जाते आणि मग रुग्ण बांबोळीला हलवला जातो. सत्तरीतल्या किंवा काणकोणातल्या माणसाला पूर्वी जे मिळणे शक्यच नव्हते, ते आज मिळू शकते. म्हणूनच छातीत दुखत असलेल्या माणसाला स्कूटरवर घालून टोकनाच्या रांगेत बसवणे इतके वाईट वाटते. यंत्रणा उभी आहे, तिला फोन करायचा एवढेच काम आपले. आणि वाटेत हृदय थांबलेच तर स्कूटरवर मागे बसलेला माणूस काहीही करू शकत नाही.

पण या साऱ्या यंत्रणेची एक पूर्वअट आहे: रुग्ण तिच्यापर्यंत जिवंत पोहोचला पाहिजे. हृदय थांबले आणि छातीवर कुणी दाब दिला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. हा हिशेब गोव्याच्या नकाशावर मांडून पाहा. दिवाडीला माणूस कोसळला आणि गाडी पलीकडच्या काठावर असली तर आधी फेरीबोट या काठाला यायची. पर्वरीला संध्याकाळी सहा वाजता सायरन वाजला तरी पुढचा ट्रक सरकणार कुठे? पावसाळ्यात सांग्याच्या आतल्या वाड्यावर तर वाट सापडणे हेच काम. उत्तम चालणारी १०८ सुद्धा दहा मिनिटांत आली तर आपण नशीबवान म्हणू. दहा गुणिले दहा किती होतात ते शाळेतल्या पोरालाही येते.

ती दहा मिनिटे भरून काढणारे कौशल्य काही तासांत शिकता येते. फोंडा तालुक्यातल्या एका स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांना ते शिकताना मी पाहिले. सभागृहात जमिनीवर रबरी छाती ठेवलेली. पहिल्या दहा मिनिटांत फक्त हसणे. मग एकीने साडीचा काष्टा खोचला, गुडघ्यावर बसली, तळहातावर तळहात ठेवला आणि हलकेच दाबले, पोळीची कणीक मळावी तसे. शिकवणारा परिचारक म्हणाला, "मावशी, असे नाही, कोपर ताठ, वरून अंगाचे वजन." दुसऱ्यांदा दाबल्यावर आतला खटका वाजला. "हाड मोडले तर?" तिने विचारले. तो म्हणाला, मोडू शकते, आणि मोडले तरी थांबायचे नाही, बरगडी जुळते. दोन मिनिटांत तिला घाम फुटला, मोजता मोजता आकडे चुकू लागले, मग शेजारणीने जागा घेतली. मागून एका मुलीने खालच्या आवाजात विचारले, बाई पडली असेल आणि आजूबाजूला सगळे पुरुषच असतील तर? परिचारक क्षणभर थांबला. प्रश्न खराच आहे. सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या स्त्रीच्या छातीवर हात ठेवायला लोक बिचकतात, हे परदेशांतल्या अभ्यासांतही दिसले आहे. त्यावर उत्तर एकच, की शिकलेल्यांत बायका भरपूर हव्यात आणि पुरुषांनाही ते आधी, शांतपणे, बायकांच्या समोर शिकवलेले हवे.

कृती फार नाही. खांद्याला हलवून हाक मारायची. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यासारखी अधूनमधून आचके देणारी धाप आहे, तर हृदय थांबले असे समजायचे. ती धाप म्हणजे श्वास नव्हे. "अजून श्वास आहे" म्हणून लोक तिथेच थांबतात आणि वेळ जातो. सुरुवातीला हातपाय झटकले गेले तर फिट समजून कांदा हुंगवतात, मुठीत किल्ली देतात, त्यातही तसाच. एकाने १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा, दुसऱ्याने छातीच्या मध्यावर, हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, दाबायला लागायचे: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाला तोंड लावायची गरज नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली सामान्य माणसासाठी जी पद्धत ठरली, तिच्यात फक्त दाब आहे.

हे शिकवल्याने खरोखर फरक पडतो का? डेन्मार्कने शाळांत हे शिक्षण सक्तीचे केले आणि वाहनपरवान्यालाही प्रथमोपचाराची अट घातली. तिथे २००१ साली आसपासच्या माणसाने छातीवर दाब दिल्याचे प्रमाण २१ टक्के होते, ते २०१० पर्यंत ४५ टक्क्यांच्या घरात गेले. महिनाभर जगलेल्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर गेले, तिप्पट. याचे सगळे श्रेय प्रशिक्षणाला देता येणार नाही, रुग्णालयेही त्या काळात सुधारली. तरी तिप्पट म्हणजे तिप्पट. त्याच देशाचा ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला युरो स्पर्धेच्या सामन्यात चेंडूपाशी कोसळला. मैदानावरच दाब, मैदानावरच शॉक. पुढच्या वर्षी तो विश्वचषक खेळला. आपल्या फुटबॉलवेड्या राज्याला दुसरे नाव आठवायला हवे. ५ डिसेंबर २००४, बंगळूर, फेडरेशन कपची अंतिम लढत, गोव्याचा धेंपो संघ विरुद्ध मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल मारताना गोलरक्षकावर आदळून पडला आणि उठला नाही. दोघांच्या प्रकृतीची तुलना मी करत नाही. गावोगावच्या पावसाळी स्पर्धांत आजही ट्रॉफी किती फूट उंच याची जाहिरात असते. मैदानाच्या कडेला शॉक देणारे यंत्र आणि ते वापरू शकणारा माणूस असल्याची जाहिरात मी वाचलेली नाही.

त्या यंत्राचे, एईडीचे, सर्वांत ठोस उदाहरण अशा ठिकाणचे आहे की गोव्याने ते पाठच करायला हवे: लास वेगासचे कॅसिनो. तिथल्या सुरक्षारक्षकांना हे यंत्र वापरायला शिकवले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयाचे कप्पे थरथरण्याच्या अवस्थेत सापडलेल्या १०५ जणांपैकी ५३ टक्के वाचले. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्यांत ७४ टक्के. वाचवणारे डॉक्टर नव्हते, दारावरचे रखवालदार होते. मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांकडून सरकार कोट्यवधींचे परवाना शुल्क घेते. मध्यरात्रीनंतर, दारू पोटात, झोप नाही, हृदयाचे ठोके चढलेले, अशी शेकडो माणसे तिथे एका छताखाली असतात आणि काठाला यायला होडी लागते. यंत्र आणि शिकलेले कर्मचारी ही परवान्याची अट करायला मंत्रिमंडळाला किती वेळ लागेल? मोठी हॉटेले, शॅक, रात्रभर नाटक चालणाऱ्या जत्रांची देवस्थाने, कदंबची बसस्थानके, फेरी धक्के, हे सगळे त्याच रांगेत.

अर्थात यंत्रांच्या मागे लागून मुख्य गोष्ट विसरायला नको. हृदय बंद पडण्याच्या दहातल्या साधारण सात घटना घरात होतात. तिथे कॅसिनोचा रखवालदार नसतो. तिथे बायको असते, बारावीतला मुलगा असतो, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू असतात. म्हणून माझ्या मते पहिली मागणी यंत्रांची नसून बारावीच्या मुलांची आहे: उच्च माध्यमिकचा दाखला हाती येण्याआधी प्रत्येकाने रबरी छातीवर दोन मिनिटे न थांबता दाब देऊन दाखवलेला असावा, परीक्षेत गुण नकोत, नुसते उत्तीर्ण. दुसरी वाहनपरवान्याची. तिसरी, १०८ वरून फोन घेणाऱ्याने कोकणीत, मराठीत, हिंदीत, "दाबा, मी मोजतो" म्हणत गाडी पोहोचेपर्यंत फोनवर राहावे.

यावर आक्षेप येतो तो भीतीचा. मेला तर आपल्यावर येईल. ही भीती निराधार आहे असे सांगून भागत नाही, कारण कायदा तिला अर्धेच उत्तर देतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते, पण मोटार अपघातातल्या जखमीला मदत केली तर. बसच्या धडकेने पडलेल्याला उचलणारा त्या कलमाखाली येतो. त्याच बसमध्ये सीटवरून कोसळलेल्याची छाती दाबणारा त्यात बसत नाही. हा फरक कुणी मुद्दाम केलेला नाही, तो कायदा रस्त्यासाठीच होता. गोवा विधानसभेला हवे असेल तर सद्भावनेने प्राण वाचवू पाहणाऱ्या कुणालाही संरक्षण देणारे चार ओळींचे विधेयक एका अधिवेशनात संमत करता येईल. विरोध करायला कोण उभा राहील?

दुसरा आक्षेप पैशाचा, तो मला पटत नाही. लाख-दीड लाखाच्या यंत्रापेक्षा जत्रेच्या रोषणाईवर जास्त जातात. मला काळजी वेगळी आहे. यंत्राच्या पॅडना मुदत असते, बॅटरीला मुदत असते. आमदार नारळ वाढवतील, फोटो छापून येईल, यंत्र पंचायतीच्या कपाटात जाईल, चावी सचिवाकडे राहील आणि सचिव रजेवर असेल. म्हणून परवान्याच्या अटीत तीन वाक्ये आधीच लिहून ठेवावीत: यंत्र कुलपाबाहेर, दिसेल अशा जागी, त्याची जागा १०८ च्या नकाशावर नोंदलेली, म्हणजे फोन घेणारा सांगू शकेल की यंत्र देवळाच्या ऑफिसात आहे, पोराला पळव, आणि दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पॅड-बॅटरीची तारीख पाहिल्याशिवाय शिक्का नाही.